टेप कुठं लावला? वेड्यावाकड्या झाडांची मोजणी

आमच्या गावाबाहेर पांदणीच्या वळणावर एक चिंच आहे. तिच्या बुंध्याभोवती पहिल्यांदा टेप गुंडाळला तेव्हा आकडा आला 8 मीटर 60 सेंटीमीटर. मी हरखलो. तालुक्यातली सगळ्यात जाड चिंच आपल्या गावात, असं चार जणांना सांगूनही टाकलं. वावराचे मालक, सत्तरी ओलांडलेले बाबाजी, धुऱ्यावर बसून पाहत होते. म्हणाले, "गुर्जी, फीता कुठी लावला तुमी?"

"बुडाशी."

"बुडाशी त सारेच झाडं जाड असतात. अन् हे एक झाड नाही. माह्या आज्यानं एकाच खड्ड्यात तीन चिंचोके टाकले होते."

मी वाकून पाहिलं. कमरेएवढ्या उंचीवर खोडांच्या मधोमध दोन उभ्या शिवणी होत्या, साल आत दुमडलेली. माझी विक्रमी चिंच तिथल्या तिथं तीन चिंचा झाली. त्यातली सगळ्यात जाड 2 मीटर 90 सेंटीमीटरची.

सरळसोट सागाचा घेर शाळेतलं पोरगंही मोजू शकतं. पण आपल्या विदर्भात सरळ झाडं म्हातारी होतच नाहीत. ती आरामशिनीवर जातात. म्हातारी होतात ती वाकडी, पोकळ, जळकी, दुभंगलेली किंवा देवाची म्हणून सोडलेली. त्यामुळे 'सगळ्यात मोठं झाड' शोधायला निघालात, तर तुमच्या वाट्याला जवळजवळ प्रत्येक वेळी आडवंतिडवं झाडच येणार. अशा झाडाला एकच एक खरा आकडा नसतो. टेप कुठं लावला, कसा लावला, का लावला हे सांगितलं तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

निघण्याआधी

सामान फार नाही. 30 मीटरचा फायबरचा टेप, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो. शिंप्याचा टेप दीड मीटरचा, कापडी टेप ताणतो आणि नायलॉनची दोरी तर रबराची बहीण. दोरीनं घेर घेऊन मग ती टेपवर धरायची सवय असेल तर सोडून द्या. बांबूची एक सरळ काठी बरोबर 1.37 मीटरवर कापून घ्या. गवंड्याचा ओळंबा, खडू, वही, मोबाइल. आणि एक माणूस सोबत हवाच. एकट्यानं मोठा घेर मोजता येत नाही, पलीकडे टेप कुठं घसरला ते दिसतच नाही.

1.37 मीटर म्हणजे साडेचार फूट, छातीची उंची. आपल्याकडे वनखातं याच उंचीवर गोलाई घेतं. युरोपात 1.30 मीटर धरतात, म्हणून तिकडच्या आकड्याशी तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

मोजायला उत्तम काळ माघ-फाल्गुन. साग, ऐन, मोह यांची पानं झडलेली किंवा झडत आलेली असतात, शेंडा स्वच्छ दिसतो. पावसाळ्यानंतर बुंधा गवतात बुडालेला असतो. थंडीत खाजकुहिरीच्या शेंगा वाळतात. तिच्या वेलाखालून एकदा टेप ओढला की पुढचे दोन तास मोजणी बंद. मोहाच्या हंगामात पहाटे झाडाखाली जाऊ नका. फुलं वेचायला माणसं येतात तशी अस्वलंही येतात, आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे वाघाचीही भीती असते. ऊन वर आल्यावर जा, आणि कुणाच्या वाटणीचा मोह आहे ते विचारून जा. गावात मोहाची झाडं घराघराला वाटलेली असतात. अनोळखी माणूस त्यांना टेप लावू लागला की आता तोडणारच, असाच समज होतो. राखीव जंगल असेल तर वनरक्षकाला आधी सांगणं बरं. वडावर किंवा सावरीवर आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी परत फिरा.

जमीन कुठं आहे?

सपाट वावरातल्या झाडाला हा प्रश्न पडत नाही. पण नाल्याच्या काठावरचा अर्जुन घ्या. एका बाजूला माती मांडीएवढी वर, दुसऱ्या बाजूला पुरानं धुऊन नेलेली, मुळं उघडी पडून लोंबतायत. आता 1.37 कुठून मोजायचे?

मनाशी एकच प्रश्न धरा: बी रुजलं तेव्हा जमिनीची पातळी कुठं असेल? उतारावर आपल्या वनखात्याची रीत अशी की चढाच्या बाजूच्या जमिनीपासून काठी उभी करायची. अमेरिकेत मोठ्या झाडांच्या नोंदीसाठी चढ आणि उतार यांच्या मधली पातळी धरतात. मला आपली रीत पटते. खालच्या बाजूनं मोजलं की टेप मुळांच्या फुगवट्यात जातो आणि झाड उगाच जाड होतं. काठाची माती खचून सगळीच मुळं उघडी पडली असतील, तर मुळं जिथं खोडाला मिळतात ती पातळी धरा.

गावातल्या वडा-पिंपळांची उलटी गोष्ट. त्यांना ओटा बांधलेला असतो, आत मुरूम भरून वर फरशी. ओटा 90 सेंटीमीटर उंच असेल तर बाहेरच्या जमिनीपासूनचे 1.37 म्हणजे फरशीपासून फक्त 47 सेंटीमीटर. मी बाहेरच्या, म्हणजे जुन्या जमिनीपासून मोजतो आणि ओट्याची उंची वहीत लिहितो. फरशीवरून 1.37 घेतले तर आकडा सहसा लहान येतो. तोही घेऊन ठेवा, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. ओट्यावर चढण्याआधी चपला काढा, हे सांगायला नको.

टेप लावताना

टेप खोडाच्या दिशेला काटकोनात हवा. झाड कललं असेल तर टेपही तेवढाच कलेल; तो जमिनीला समांतर धरायचा नाही. कललेल्या झाडाला 1.37 ही उंचीही ओळंब्यानं नव्हे, खोडाच्या कलानं घ्यायची. वादळात आडवं झालेलं आणि तसंच पुन्हा फुटलेलं झाड असेल तरी हेच, बुडापासून खोडालगत 1.37 मीटर.

5 मीटर घेराच्या खोडावर पलीकडे टेप अर्धा मीटर खाली घसरला तर आकड्यात 10-12 सेंटीमीटर फुकटचे मिळतात. गंमत अशी की घेराच्या बहुतेक चुका एकाच दिशेच्या असतात. टेप घसरला, वेलीवरून गेला, सुटलेल्या सालीवरून गेला, मध्ये बोट राहिलं, तरी दरवेळी आकडा वाढतोच. म्हणून तीनदा मोजा आणि सरासरी काढू नका, सगळ्यात लहान आकडा घ्या. अट एवढीच की टेप ताणलेला आणि सगळीकडे खोडाला टेकलेला असावा.

वेल असेल तर टेप तिच्या खालून सरकवा. वेल तोडू नका, साल सोलू नका. वडाला वटपौर्णिमेचे धागे नेमके छातीच्या उंचीवर गुंडाळलेले असतात, वर्षानुवर्षांचे, एकावर एक. ते कापले तर गावातल्या बाया तुम्हाला पुन्हा वडाजवळ उभं करणार नाहीत. धाग्यांच्या थराच्या लगेच वर टेप लावा आणि उंची लिहा.

एक खोड की तीन?

माझी फजिती झाली ती इथं. बुडापासून दोन-तीन खोडं निघालेली दिसली की आधी ठरवायचं, हे एक झाड की अनेक. प्रत्येक खोडाचा गाभा डोळ्यांपुढे आणा आणि त्याच्या रेषा खाली ओढत न्या. त्या जमिनीच्या वरच एकमेकींना मिळत असतील तर झाड एक आणि ते वर दुभंगलंय. जमिनीच्या खाली मिळत असतील तर, नोंदीपुरती तरी, झाडं वेगळी. दोन खोडांच्या मधली शिवण जमिनीपर्यंत उतरली असेल आणि साल आत दुमडलेली असेल, तर ती बहुधा एकमेकांना चिकटलेली वेगळी खोडंच. तोडलेल्या बुंध्यातून फुटलेल्या सागाच्या फुटव्यांनाही हाच न्याय.

एकच झाड 1.37 च्या खाली दुभंगलं असेल तर दुभंगाच्या खाली, जिथं खोड सगळ्यात बारीक आहे तिथं टेप लावा आणि ती उंची लिहा. दुभंगाच्या अगदी लगत लावू नका, तिथं खोड फुगलेलं असतं. दुभंग 1.37 च्या वर असेल, पण त्याचा फुगवटा 1.37 पर्यंत उतरला असेल, तरीही खालची बारीक जागाच शोधा.

वेगवेगळ्या खोडांच्या घेरांची बेरीज कधीच करायची नाही. आमच्या चिंचेची तीन खोडं 2.90, 2.60 आणि 2.20 मीटरची. बेरीज 7.70. पण लाकडाचा छेद घेराच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून वर्ग करून बेरीज करा (8.41 + 6.76 + 4.84 = 20.01) आणि वर्गमूळ काढा: 4.47 मीटर. तिन्ही खोडांत मिळून जेवढं लाकूड, तेवढं एका 4.47 च्या खोडात. हा आकडा 'बहुखोडी' असं लिहून वेगळ्या रकान्यात ठेवा. एकखोडी झाडांच्या स्पर्धेत त्याला जागा नाही.

पिंपळानं शिंदीला कवेत घेतलंय किंवा वड मोहावर बसलाय, असं जोडपं आपल्याकडे पुष्कळ दिसतं. बाहेरून घेतलेला घेर दोघांचा मिळून असतो. फोटो काढा, गोष्ट लिहून ठेवा, विक्रमात धरू नका.

गाठी, पाखे आणि ढोल्या

नेमकी 1.37 वर गाठ असेल तर गाठीच्या वर आणि खाली सारख्या अंतरावर दोन घेर घ्या. वनखात्याच्या कामात त्यांची सरासरी चालते. नोंदीसाठी मी लहान आकडा धरतो आणि दोन्ही लिहितो.

काटेसावरीच्या बुडाशी भिंतीसारखे पाखे निघतात. म्हाताऱ्या अर्जुनाचं बूडही तसंच खाचाखाचांचं होतं. पाख्यांवरून घेतलेला घेर म्हणजे हवेचाच घेर. पाखे संपून खोड गोल होतं तिथून आणखी हातभर वर टेप लावायचा. त्यासाठी शिडी लागते, शिडी धरणारा लागतो, आणि सावरीचे काटे असतातच. शिडी नसेल तर त्या झाडाचा घेर देऊ नका. अंदाजानं तर नकोच.

खाच पार वरपर्यंत गेली असेल तर? टेप उंचवट्यांवरून ताणून न्यायचा, खाचेत दाबायचा नाही. पण या आकड्याला फसू नका. मेक्सिकोत ओआहाका राज्यातल्या तुले गावच्या प्रसिद्ध सायप्रस जातीच्या झाडाचा घेर सुमारे 42 मीटर सांगतात. गोल धरला तर व्यास 13 मीटरांच्या वर जातो. खाचाखळगे वजा करून मोजल्यावर तो साधारण 9.4 मीटर भरला, म्हणजे गोल खोडाच्या हिशेबानं साडेएकोणतीस मीटर घेर. ही तीन झाडं एकत्र वाढली असावीत अशीही शंका लोकांना होती. डीएनए तपासल्यावर एकच निघालं. आमच्या चिंचेचा निकाल मात्र बाबाजींनीच लावला.

मोहाखाली फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पालापाचोळा जाळतात. वर्षानुवर्षांच्या त्या आगीनं बुंध्याला एका बाजूनं दारासारखी ढोली पडते. टेप त्या दारावरून सरळ ताणून न्या, आत वळवू नका, आणि दाराची रुंदी लिहा. अर्धं खोडच गेलं असेल तर उरलेल्याचा घेर घ्या. 'पुरं असतं तर एवढं असतं' हा हिशेब चहाच्या टपरीवर ठीक. ढोलीत हात घालायचा नाही. नागाला तुमच्या नोंदवहीशी देणंघेणं नसतं.

वड हा वेगळाच विषय

कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या महावडाचं मूळ खोड बुरशीनं सडलं, म्हणून 1925 मध्ये काढून टाकावं लागलं. झाड आजही पारंब्यांवर पसरतंच आहे. त्याचा घेर कुठं मोजणार? म्हणून वडाच्या तीन वेगळ्या नोंदी करा: मूळ खोडाचा घेर, जमिनीत रुतलेल्या पारंब्यांची संख्या आणि पसाऱ्याचं क्षेत्रफळ. आंध्रातल्या तिम्मम्मा मर्रिमानूचा विक्रम पसाऱ्याचाच आहे. 1989 मध्ये तो गिनेसमध्ये गेला.

मूळ खोडाला चिकटून एकजीव झालेल्या पारंब्या असतात. टेप आणि खोड यांच्यामध्ये बोट जात नसेल तर ती पारंबी खोडातच धरावी लागते. शक्य असेल तिथं तिला वगळूनही एक आकडा घ्या. पारंब्या मोजताना प्रत्येकीला खडूची खूण करा, नाहीतर चाळिशीच्या पुढे हमखास भांडण होतं. मनगटापेक्षा बारीक पारंबी मी मोजत नाही. हा माझा नियम, तुमचा वेगळा असेल तर तो लिहा.

पसाऱ्यासाठी पानांच्या कडेखाली खुंट्या ठोका आणि मधोमध एक जागा ठरवून आठ दिशांना अंतर घ्या. आठही अंतरांचे वर्ग करा, त्यांची सरासरी काढा आणि तिला 3.14 नं गुणा. क्षेत्रफळ बरंच जवळ येतं. मोबाइल घेऊन कडेनं चालण्यापेक्षा हे बरं. मोबाइल दाखवतो ती जागा झाडाखाली सहज तीन-चार मीटर इकडेतिकडे होते.

उंची: शेंडा कुणाच्या डोक्यावर आहे?

काठीची रीत सगळ्यांना येते. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी धरायची आणि सपाटीवर मागं सरकत जायचं. मूठ झाडाच्या बुडाशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळलं की तुमच्यापासून झाडापर्यंतचं अंतर तीच उंची. मोबाइलची ॲपं हेच कोन मोजून करतात.

डेरेदार झाडात दोन्ही फसतात, कारण सगळ्यात उंच दिसणारी फांदी खोडाच्या डोक्यावर नसते. समजा झाड खरं 18 मीटर आहे, तुम्ही खोडापासून 20 मीटरवर आहात, पण तो शेंडा तुमच्याकडे 5 मीटर झुकलाय. कोन त्या जवळच्या शेंड्याचा आणि अंतर खोडाचं, असा घोळ झाला की ॲप साडेतेवीस मीटर सांगतं. तब्बल साडेपाच मीटरची भर! उपाय साधा आहे. सोबत्याला त्या फांदीच्या टोकाच्या बरोबर खाली उभं करा, ओळंबा धरून दोन बाजूंनी खात्री करा, आणि अंतर त्याच्या पायापर्यंतचं घ्या. काठीच्या रीतीतही मूठ त्याच्याच पायाशी जुळवायची. कललेल्या झाडाची उंची म्हणजे सर्वोच्च टोकापासून खाली उभी रेषा. खोडाची लांबी नव्हे. लेझरचा अंतरमापक कुणाकडे असेल तर टोकापर्यंतचं तिरपं अंतर घेऊन त्याला कोनाच्या साइननं गुणा आणि डोळ्याची उंची मिळवा. मग टोक कुठंही झुकलेलं असो.

गुण आणि नोंद

तुलनेसाठी अमेरिकन फॉरेस्ट्स या संस्थेच्या 1940 पासून चालत आलेल्या नोंदवहीची पद्धत सोयीची आहे. घेर इंचांत, त्यात उंची फुटांत, त्यात पसाऱ्याच्या सरासरी रुंदीचा चौथा हिस्सा फुटांत. रुंदीसाठी सगळ्यात लांब पसारा आणि त्याच्या काटकोनातला पसारा, दोन्हींची सरासरी. एखादी चिंच 6.40 मीटर घेराची, 18 मीटर उंच आणि 24 मीटर पसाऱ्याची असेल तर 252 + 59 + 20 = 331 गुण. तोच टेप मुळांच्या फुगवट्यावर लावून 8 मीटर आणला तर घेराचेच 315 होतात. फुकटचे 63 गुण, झाडाच्या अख्ख्या उंचीपेक्षा जास्त! मोजणारे लोक टेपच्या जागेवरून का भांडतात ते यात आलं.

वय लिहू नका. गावात प्रत्येक वड पाचशे वर्षांचा असतो. सागाला वर्षाची वलयं स्वच्छ दिसतात, पण त्यासाठी झाड कापावं लागतं. आणि घेरावरून वय काढायचं तर जमीन, पाणी, छाटणी सगळंच आड येतं.

महाराष्ट्रात 50 वर्षांवरच्या झाडांना 'पुरातन वृक्ष' म्हणून जे संरक्षण 2021 मध्ये मिळालं, ते 1975 च्या नागरी भागाच्या कायद्यातून. खेड्यातल्या झाडासाठी दार वेगळं आहे. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. ग्रामसेवकाला विचारा, कपाटात सापडते.

नोंद कशी दिसावी त्याचा एक नमुना देतो: "मोह. घेर 4.12 मी., चढाकडच्या जमिनीपासून 0.80 मी. उंचीवर, 1.15 मी.वर दुभंग. उत्तरेला जळकी ढोली, दार 0.55 मी., टेप सरळ नेला. उंची 15.5 मी., काठीनं, शेंडा खोडापासून 3 मी. पूर्वेला. पसारा 17 × 14 मी. फाल्गुन, पानं झडलेली." सोबत टेप लावलेला असतानाचा फोटो, शेजारी 1.37 ची काठी उभी. झाडाला नंबराचा खिळा ठोकू नका, रंगही नको. पाच वर्षांनी त्या जागी पुन्हा टेप लावायला फोटो पुरतो.

छापील तक्त्यात घेराला एकच छोटा चौकोन असला तर बाकी सगळं शेऱ्याच्या रकान्यात कोंबा. आमच्या पांदणीवरच्या चिंचेपुढे मी तिथं लिहिलंय: "तीन खोडं, बुडाशी चिकटलेली, एकाच खड्ड्यात लावलेली. माहिती: वावराच्या मालकांकडून." आधीचा 8.60 खोडला नाही, त्याच्या पुढे कंसात 'बुडाशी' एवढं लिहिलं.